दिवाणखान्यातला घाट

जूनचा पहिला जोरदार पाऊस झाला की मी सायकलचं मागचं चाक काढून कपाटामागे ठेवतो. चाकाच्या जागी ट्रेनर येतो, म्हणजे सायकल घरात जागच्या जागी चालवण्याचं यंत्र. उचलताना कंबर धरेल असा धातूचा ठोकळा, त्याच्या कडेला दात्यांची कॅसेट, तिच्यावर चेन चढवायची. समोर स्टुलावर लॅपटॉप. तिकडे सिंहगड ढगात बुडालेला असतो, रस्त्यावरच्या डबक्याखाली खड्डा किती खोल ते कळत नाही, आणि इकडे मी झ्विफ्ट नावाच्या सायकलिंग ॲपमधल्या वाटोपिया बेटावर लख्ख उन्हात घाट चढत असतो. बेट, झाडं, ऊन, सगळं खोटं. पण चढ लागला की मांड्या मात्र खऱ्याच भरून येतात.

शाळेत कुणी तांब्याच्या नळीतून लोहचुंबक सोडून दाखवला असेल तर आठवा. तांब्याला चुंबक चिकटत नाही, तरी तो नळीतून रमतगमत खाली येतो. हलत्या चुंबकामुळे तांब्यात भोवऱ्यासारखे वीजप्रवाह तयार होतात आणि ज्या हालचालीने ते जन्मले तिलाच विरोध करतात. हा लेंझचा नियम. बऱ्याच स्मार्ट ट्रेनरमध्ये हाच खेळ आहे. आत धातूचं जड चक्र फिरतं आणि त्याच्याजवळ विद्युतचुंबक असतात. सॉफ्टवेअरने ‘पुढे सहा टक्के चढ’ असा निरोप धाडला की चुंबकांतला प्रवाह वाढतो आणि पॅडल जड होतं. कुठे काही घासत नाही, काही झिजत नाही.

उलट दिशेने, म्हणजे ट्रेनरकडून लॅपटॉपकडे, जाणारा मुख्य आकडा एकच: तुम्ही किती वॉट देताय. सोबत केडन्स, म्हणजे मिनिटाला पॅडलच्या किती फेऱ्या. पडद्यावर दिसणारा वेग मात्र कुणी मोजलेला नसतो. तो गणितातून येतो. मुख्यतः वॉट, तुमचं वजन, उंची आणि रस्त्याचा चढ यांवरून सॉफ्टवेअर ठरवतं की खऱ्या रस्त्यावर हा माणूस किती वेगाने गेला असता.

हे गणित कागदावर करून बघण्यासारखं आहे. ७५ किलोचा माणूस आणि ८ किलोची सायकल, चढ ८ टक्के, वेग ताशी १० किलोमीटर. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर चढायला सुमारे १८० वॉट लागतात, टायरच्या घर्षणाला ९, आणि हवेला जेमतेम ४. सगळे मिळून १९३. तोच माणूस सपाट रस्त्यावर २०० वॉट देईल तर ताशी ३४च्या आसपास जाईल, आणि तिथे पाचातले चार वॉट एकटी हवाच खाईल. म्हणून चढावर वजन बोलतं आणि सपाटीवर हवा.

आता सेटिंगमध्ये वजन ७५ऐवजी ६५ भरा. पाय तेवढेच मारायचे, वॉट तेवढेच, पण त्याच चढावर तुमचा वेग १० वरून सव्वाअकरापर्यंत जातो. एका आकड्यात १२ टक्के बढती! लग्नाच्या बायोडेटात उंची वाढवणारे आपण, इथे वजन कमी करायला कितीसा वेळ लागणार? शर्यतीत हा मोह महागात पडतो. २०१९मध्ये ब्रिटनच्या ई-रेसिंग विजेत्याचं पद काढून घेतलं गेलं. त्याचा गुन्हा वजनाचा नव्हता. सॉफ्टवेअरमधली वेगवान सायकल मिळवण्यासाठी लागणारा चढ त्याने स्वतः न चढता संगणकाकडून ‘चढवून’ घेतला होता.

त्याच्या पुढच्या वर्षी, डिसेंबर २०२०मध्ये, सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ई-स्पोर्ट्सची पहिली जागतिक स्पर्धा घेतली. पुरुषांमध्ये जिंकला जर्मनीचा जेसन ऑस्बोर्न. हा मूळचा नौकानयनपटू, पुढच्याच वर्षी टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याने वल्ही मारून रौप्यपदकही मिळवलं. वळणावर सायकल कशी झुकवायची, ओल्या रस्त्यावर ब्रेक कधी लावायचा, याला इथे किंमत नाही. त्यामुळे भक्कम इंजिन असलेला वल्हेकरी सरस ठरू शकतो.

ॲप आणि ट्रेनरच्या जोडणीत लोकांची सगळ्यात जास्त फसगत होते ती पडद्यावरची जोडणीची यादी नीट न वाचल्यामुळे. ॲप ट्रेनरशी दोन वेगळ्या नात्यांनी जोडलं जातं. ट्रेनरकडून वॉट घ्यायचे हे एक, आणि ट्रेनरला हुकूम द्यायचा हे दुसरं. पहिलंच जोडलं गेलं तर पडद्यावर ९ टक्के चढ दिसतो, वॉटही दिसतात, आणि पायांना काहीच कळत नाही. माझे पहिले दोन दिवस असेच गेले. आपली तब्येत भलतीच सुधारली आहे असं वाटलं होतं.

दुसरी गंमत ब्लूटूथची. बऱ्याच ट्रेनरना ब्लूटूथवर एका वेळी एकच धनी चालतो. ट्रेनर अद्ययावत करायला फोनवर त्याचं ॲप उघडायचं, फोन तसाच खिशात टाकायचा, आणि मग लॅपटॉपला ट्रेनर सापडत नाही म्हणून अर्धा तास तारा तपासायच्या, हा प्रकार मी एकापेक्षा जास्त वेळा केला आहे. ‘अँट प्लस’ हा दुसरा मार्ग. तो आकाशवाणीसारखा आहे, ज्याला ऐकायचं त्याने ऐकावं. पण त्याला सहसा छोटा डोंगल, म्हणजे लॅपटॉपच्या यूएसबीत खुपसायचा रिसीव्हर, लागतो. दोन्ही २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास बोलतात आणि त्याच गल्लीत वाय-फाय आणि मायक्रोवेव्हही असतात. आमच्याकडे रात्री आठ वाजता वॉट अचानक शून्य व्हायचे. भिंतीपलीकडे त्या वेळी आमटी गरम होत असे. डोंगल यूएसबीच्या लांब वायरने ट्रेनरच्या शेजारी नेला आणि भांडण मिटलं.

‘ट्रेनर डिफिकल्टी’ नावाचं एक सेटिंग असतं. झ्विफ्टमध्ये ते मुळात अर्ध्यावर ठेवलेलं असतं, म्हणजे १० टक्के चढ पायाला ५ टक्क्यांसारखा लागतो. ही फसवणूक वाटते, पण नाही. माथ्यावर पोचायला लागणारे वॉट तेवढेच राहतात. गिअर हलका मिळाल्यासारखं होतं, इतकंच. नवख्याने ते खुशाल तसंच ठेवावं. ज्यांचा ट्रेनर चाकाला टेकणारा आहे, म्हणजे मागचं चाक न काढता टायरवर रोलर टेकवून चालतो, त्यांनी मात्र दहा-पंधरा मिनिटं चालवून टायर गरम झाल्यावर कॅलिब्रेशन, म्हणजे वॉटचा आकडा खरा यावा म्हणून ट्रेनरची जुळवणी, करावं. टायरमधली हवा बदलली की वॉटही बदलतात.

‘अर्ग’ मोडमध्ये चढाशी संबंध नसतो. २०० वॉट ठरवले की ट्रेनर काहीही करून २०० वॉटच काढून घेतो. शक्ती म्हणजे जोर गुणिले फिरण्याचा वेग. केडन्स ९० वरून ६० वर आलं तर तेवढ्याच वॉटसाठी दीडपट जोर लावावा लागतो. जोर लावल्याने पाय आणखी मंदावतात, मग आणखी जोर, आणि शेवटी पॅडल चिखलात रुतल्यासारखं थांबतं. उपाय असा की पाय जड होताहेत असं वाटताक्षणी, जोर नव्हे, फेऱ्या वाढवायच्या.

हे घरातलं चालवणं खऱ्या रस्त्यावर उपयोगी पडतं का? ऑस्ट्रेलियाच्या सायकलपटू मॅथ्यू हेमनचा हात फेब्रुवारी २०१६मध्ये शर्यतीत मोडला. मग त्याने गॅरेजमध्ये ट्रेनरवर झ्विफ्ट लावून सराव केला, आणि एप्रिलमध्ये दगडी रस्त्यांसाठी कुप्रसिद्ध असलेली पॅरिस-रुबे जिंकली. तेव्हा तो ३७ वर्षांचा होता. अर्थात त्याआधीचा त्याचा अनेक वर्षांचा रस्त्यावरचा अनुभव गॅरेजमध्ये तयार झालेला नव्हता.

सगळ्या खरेदीत सगळ्यात दुर्लक्षित वस्तू म्हणजे पंखा. आपलं शरीर पॅडलवर २०० वॉट देतं तेव्हा आत सुमारे ७०० वॉट उष्णता तयार होते, छोट्या रूम हीटरएवढी. तासभरात ती बाहेर टाकायची तर लिटरभर घामाचं बाष्पीभवन व्हावं लागतं. ‘बाष्पीभवन’ हा शब्द महत्त्वाचा. रस्त्यावर ताशी ३०चा वारा ते काम फुकट करतो. बंद खोलीत, त्यातून मुंबई-कोकणातल्या दमट पावसाळ्यात, घाम उडत नाही, नुसता गळतो. गळलेला घाम अंगाची उष्णता फारशी नेत नाही, फक्त सायकलच्या हँडलच्या बेअरिंगला गंज आणतो. वॉट तेच असताना नाडी चढत जाते. म्हणून छातीवर येईल असा दमदार पंखा, हँडलवर पंचा, आणि खाली जाड रबरी मॅट. मॅट तुमच्यासाठी नाही, खालच्या मजल्यावरच्या काकूंसाठी. आवाजापेक्षा स्लॅबमधून जाणारा थरथराट त्यांना जास्त छळतो.

सॉफ्टवेअर फुकटही मिळतं. मायवूश त्यांपैकी एक. इंटरनेट फार वेगवान लागत नाही, कारण झ्विफ्टसारख्या ॲपमध्ये डोंगर-रस्ते आधीच लॅपटॉपमध्ये उतरवलेले असतात. नेटवरून प्रामुख्याने कोण कुठे आहे एवढंच ये-जा करतं.

हे मला नीट कळलं ते एका संध्याकाळी. मी आल्प दु झ्विफ्ट चढत होतो. फ्रान्सच्या आल्प द्युएझची ती नक्कल, २१ वळणं, १२ किलोमीटरांत हजार मीटरहून थोडा जास्त चढ. माझ्या २०० वॉटना सव्वा तासाचं काम. चौदा वळणं झाली आणि वीज गेली. आधी पंखा थांबला. राऊटर बंद पडल्यावर आजूबाजूचे सगळे सायकलस्वार रस्त्यावरून नाहीसे झाले. चुंबकांनी हात सोडल्यामुळे माझे पाय हवेत फिरावेत तसे भरभर फिरले. लॅपटॉप मात्र बॅटरीवर चालू होता. त्याला ट्रेनरकडून काहीच येईना, म्हणून त्याने माझे वॉट शून्य धरले, आणि पडद्यावरचा मी हळूहळू थांबून, एक पाय जमिनीवर टेकवून, उन्हात एकटाच उभा राहिला.