प्रौढ स्त्रियांमधील स्वमग्नता ओळखणे

स्वमग्नता म्हणजेच ऑटिझम लहानपणापासून असतो, पण अनेक स्त्रियांना तो तिशी-चाळिशीत कळतो, पुष्कळदा स्वतःच्या मुलाचे निदान चालू असताना. या उशिराची मुळे जुनी आहेत. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये वर्णन केलेल्या ११ मुलांत मुली फक्त ३ होत्या. बालरोगतज्ज्ञ हान्स आस्पर्गर यांच्या १९४४ च्या निबंधातली चारही उदाहरणे मुलग्यांची होती. पुढची कित्येक वर्षे मुख्यतः मुलग्यांत दिसलेली तीच लक्षणे शोधली गेली.

ओळख पटण्यातला मोठा अडथळा म्हणजे मास्किंग, अर्थात वेगळेपण झाकण्याची अंगवळणी पडलेली धडपड. बोलताना डोळ्यांऐवजी समोरच्याच्या भुवयांमध्ये पाहायचे, नजर कधी काढायची याचा मनात हिशेब ठेवायचा, फोन करण्याआधी वाक्ये लिहून काढायची, मैत्रिणीचे हसणे-हातवारे उचलायचे. लोकांना मनमिळाऊ बाई दिसते. तीच घरी आल्यावर दिवा मालवून पडून राहते, तोंडातून शब्द फुटत नाही. म्हणून ‘नजरेला नजर देता का?’ हा प्रश्न अपुरा आहे. कशी देता, आणि नंतर किती थकता, हे विचारलेच पाहिजे.

छंदही फसवतात. घोडे, कादंबऱ्या, एखादी अभिनेत्री हे विषय चारचौघींसारखे असतात. वेगळी असते ती त्यांतली बुडी. स्वमग्नतेची खूण म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हात फडफडवण्याऐवजी अंगठ्याने बोटांची पेरे चोळणे किंवा गाल आतून चावणे दिसते. कॉलरमागचे लेबल, ट्यूबलाइटची गुणगुण सहन होत नाही. भूक मात्र हात कापू लागेपर्यंत जाणवत नाही.

आधीच्या कागदांवर बहुधा चिंता, नैराश्य, खाण्याचा विकार किंवा बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार (ज्यात भावना आणि नाती सतत डळमळीत असतात) असे लिहिलेले असते. यांपैकी काही सोबत असूही शकते, त्यामुळे भावनांचा उद्रेक कशाने होतो ते नीट पाहावे. बॉर्डरलाइनमध्ये बहुधा सोडून दिले जाण्याची भीती मुळाशी असते. स्वमग्नतेत गोंगाट किंवा ऐनवेळी बदललेला बेत पुरतो.

एक्यू-१० या दहा विधानांच्या प्राथमिक चाळणीत ६ किंवा अधिक गुण आले तर पूर्ण तपासणी सुचवतात. २५ विधानांची कॅट-क्यू प्रश्नावली मास्किंगच मोजते. यांपैकी कशानेही निदान ठरत नाही. एडॉस-२ या निरीक्षण चाचणीतही चूक होते, कारण तासाभराच्या गप्पांपुरता मुखवटा टिकवणे या स्त्रियांना जमते.

२०१३ च्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदान-पुस्तिकेप्रमाणे सामाजिक संवादाचे तिन्ही निकष आणि तेच ते वागणे व संवेदना यांविषयीच्या चार निकषांपैकी किमान दोन लागतात. लक्षणांची सुरुवात बालपणातली असावी लागते, मात्र शिकलेल्या युक्त्यांनी ती झाकली गेली असू शकतात, हेही तिथे नमूद आहे. बालपणीची लक्षणे दाखवण्यासाठी आई किंवा थोरल्या बहिणीच्या आठवणी, ‘हुशार, पण कुणात मिसळत नाही’ असे शेरे असलेली प्रगतिपुस्तके कामी येतात. तज्ज्ञांसमोर मुखवटा नकळत चढतोच. म्हणून प्रत्येक निकषाखाली दोन-तीन उदाहरणे घरीच लिहावीत आणि तो कागद सुरुवातीलाच त्यांच्या हाती द्यावा.