एकवीस नंबरची कळ

जर्मनीत शिकणाऱ्या भाच्याने मला एक व्हर्च्युअल मशीन भेट दिलं. दिली खरं तर एक भलीमोठी फाइल. ती माझ्या संगणकावर व्हर्च्युअलबॉक्स नावाच्या प्रोग्राममध्ये उघडली की खिडकीत दुसरा संगणक सुरू होतो. "मामा, यात काय वाट्टेल ते मोडा, तुमच्या विंडोजला धक्काही लागणार नाही," असं सांगून तो परत गेला.

मोडायची वेळच येईना, कारण आतच शिरता येत नव्हतं. काळ्या पडद्यावर नाव विचारलं, मी 'उदय' टाकलं. मग पासवर्ड. चूक. पुन्हा टाकला, पुन्हा चूक. फोन लावला तर म्हणाला, "पासवर्ड बरोबर आहे मामा, सावकाश टाका." सहा-सात वेळा बोटांकडे बघून सावकाश टाकला. मग एकदा बोटांऐवजी पडद्याकडे बघितलं. इंग्रजीत उदय लिहिताना शेवटी मी वाय दाबला होता, आणि पडद्यावर झेड उमटला होता.

कीबोर्ड अक्षरं पाठवतो, असं आपण धरून चालतो. तो पाठवतो नुसते नंबर. कळ दाबली की एक नंबर, सोडली की दुसरा. पीसीच्या जुन्या संकेतात ए छापलेली कळ दाबली की ३० जातो आणि सोडली की १५८, म्हणजे ३० मध्ये १२८ मिळवून. यूएसबी कीबोर्ड त्याच कळीला ४ म्हणतो. कळीवर काय छापलंय याचा कीबोर्डाला पत्ताच नसतो. त्या नंबराचं अक्षर करायचं काम ऑपरेटिंग सिस्टिमचं, आणि ती ते कुठल्या मांडणीनुसार (लेआउट, म्हणजे कुठल्या कळीला कुठलं अक्षर याचा तक्ता) करते त्यावर सगळं अवलंबून. जुन्या संकेतातली २१ नंबरची कळ घ्या. अमेरिकन मांडणीत ती वाय, जर्मन मांडणीत झेड, आणि आपल्या मराठीच्या इन्स्क्रिप्ट मांडणीत ब.

व्हर्च्युअल मशीनच्या बाबतीत हे अक्षर करणारे दोन जण असतात. बाहेरचा खरा संगणक यजमान, आतला पाहुणा. मी कळ दाबली की यजमानाला नंबर मिळतो. व्हर्च्युअलबॉक्स तो मधल्यामध्ये उचलतो आणि पाहुण्याला देतो. देताना सोंग असं घेतो, की पाहुण्याला वाटावं आपल्या मदरबोर्डवर १९८४ सालच्या आयबीएम पीसी एटीसारखी कीबोर्डची चिप आहे आणि तिला खरोखरचा कीबोर्ड जोडलाय. पाहुणा त्या नंबराचं अक्षर स्वतःच्या मांडणीनुसार करतो. यजमानाची मांडणी कुठली, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. भाच्याने यंत्र तयार केलं ते त्याच्या जर्मन लॅपटॉपवर, त्यामुळे पाहुणा जर्मन. माझा कीबोर्ड अमेरिकन. नावातला घोटाळा निदान दिसला, पासवर्डातला दिसलाच नाही. त्यात ॲट (@) होता. मी शिफ्ट आणि २ दाबत होतो, आणि त्या जोडीला जर्मन मांडणीत दुहेरी अवतरणचिन्ह उमटतं. ब्रिटिश मांडणीतही तेच होतं, म्हणून ॲट असलेल्या पासवर्डांचा हा रोग बराच पसरलेला आहे.

निदान सोपं आहे. पासवर्ड दिसत नाही पण नाव दिसतं, तेव्हा नावाच्या जागी संशयित चिन्हं टाइप करून बघायची: ॲट, हॅश, डॅश, वाय, झेड. पूर्ण पासवर्ड मात्र तिथे टाकू नये. मागे कोणी उभं असेल म्हणूनच नव्हे, तर चुकलेलं नाव कधीकधी यंत्राच्या नोंदींत जाऊन बसतं म्हणूनही.

मराठीत लिहिणाऱ्यांची अडचण जरा वेगळी. यजमानावर रोमनमधून मराठी उमटवणारं साधन चालू असतं, पण पाहुण्याच्या खिडकीत गेलं की नुसती रोमन अक्षरं येतात. यात बिघाड काहीच नाही. ते साधन काम करतं यजमानाच्या घरात, आणि नंबर त्याच्या आधीच उचलले गेलेले असतात. पाहुण्याला मराठी हवी असेल तर मांडणी पाहुण्यातच बसवावी लागते. मग इन्स्क्रिप्टचा मोठा फायदा कळतो. १९९१ च्या भारतीय मानकात जागा मिळालेली ही मांडणी विंडोज आणि लिनक्स दोन्हींत आधीपासून असते आणि कळीच्या जागेवर चालते, त्यामुळे आत-बाहेर बोटं तशीच राहतात. ज्यांनी ती शिकायचा कंटाळा केला (मी त्यांतलाच), त्यांनी मजकूर बाहेर लिहावा आणि आत चिकटवावा. त्यासाठी पाहुण्यात गेस्ट ॲडिशन्स हे व्हर्च्युअलबॉक्सचं जोडसाधन बसवून सामाईक क्लिपबोर्ड चालू करावा लागतो.

भाड्याच्या सर्व्हरचा पडदा ब्राउझरमध्ये उघडला की प्रकरण आणखी गमतीचं होतं. तिथे बहुधा व्हीएनसी हे दूरचा पडदा दाखवणारं साधन असतं, केंब्रिजच्या ओलिव्हेटी प्रयोगशाळेतून आलेलं. त्याची मूळ रीत अशी, की कळीचा नंबर न पाठवता चिन्हच पाठवायचं. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण पलीकडे पाहुण्याला तर कीबोर्डच हवा असतो. मग मधल्या प्रोग्रामला उलटा विचार करावा लागतो: 'ॲट' आलाय, म्हणजे कुठली कळ दाबली असेल? त्यासाठी त्याच्याकडे एक तक्ता असतो, आणि तक्ता अमेरिकन व पाहुणा जर्मन असेल तर पुन्हा वायचा झेड. तुम्ही तिथे 'क' पाठवलात तर तो युनिकोडमधला आपला २३२५ हा क्रमांक घेऊन बरोबर पोचतो, आणि तक्त्यात त्याची कळच नाही म्हणून मुकाट्याने टाकून दिला जातो. पडद्यावर काहीच उमटत नाही. हा अडाणीपणा लक्षात आल्यावर क्यूएमूसारख्या, व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामांनी व्हीएनसीत भर घातली, आणि आता चिन्हासोबत कळीचा नंबरही पाठवता येतो. दोन्ही टोकांना ही भर कळत असेल तर तक्त्याची गरज उरत नाही.

दाबणं आणि सोडणं हे दोन वेगळे निरोप असल्यामुळे आणखी एक भूत जन्माला येतं. तुम्ही पाहुण्याच्या खिडकीत असताना ऑल्ट-टॅब दाबता. ऑल्ट दाबल्याचा निरोप आत जातो, तेवढ्यात खिडकी बदलते, आणि सोडल्याचा निरोप यजमानाकडे जातो. पाहुण्याच्या मते ऑल्ट अजून दाबलेलाच आहे. परत येऊन टाइप करायला लागलात की अक्षरांऐवजी मेनू उघडायला लागतात. बरेच जण घाबरून यंत्र बंद करून चालू करतात. दोन्ही बाजूंचे कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि विंडोजची कळ एकेकदा दाबून सोडली की बहुतेक वेळा भागतं.

नेटवर्क संथ असेल तर हाच निरोप हरवत नाही, उशिरा पोचतो. कळ दाबून धरली की अक्षर परत परत उमटायला लागतं, आणि त्याआधीचा थांबा जुन्या कीबोर्डांत पाव सेकंदापासून एक सेकंदापर्यंत ठरवता येतो. सोडल्याचा निरोप त्याहून उशिरा आला तर पाहुणा समजतो कळ धरून ठेवलीय, आणि एका 'पी'चे पाच होतात. व्हर्च्युअलबॉक्ससारख्याच व्हीएमवेअर या प्रोग्राममध्ये तो थांबा दोन सेकंदांपर्यंत वाढवण्याची एक ओळ सेटिंगच्या फाइलमध्ये घालता येते.

कंट्रोल-ऑल्ट-डिलीट कितीही दाबलं तरी आत पोचत नाही, विंडोज यजमान ते स्वतःकडेच ठेवतो. त्याऐवजी व्हर्च्युअलबॉक्समध्ये उजवा कंट्रोल आणि डिलीट, व्हीएमवेअरमध्ये कंट्रोल-ऑल्ट-इन्सर्ट, विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये कंट्रोल-ऑल्ट-एंड.

आता दुसरा दरवाजा. आत्तापर्यंतचं सगळं म्हणजे पाहुण्याच्या पडद्यासमोर बसणं. नेटवर्कवरून आत जाणं वेगळं. लिनक्सला त्यासाठी एसएसएच हे दुरून आज्ञा द्यायचं साधन असतं, १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात तातू युलोनेन यांनी लिहिलेलं, पोर्ट २२ वर, म्हणजे संगणकाच्या बावीस नंबरच्या दारावर, चालणारं. विंडोजला रिमोट डेस्कटॉप, पोर्ट ३३८९. पडद्यावर जमेना म्हणून मी एसएसएच करून बघितलं होतं. उत्तर आलं, 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. मी वैतागलो, पण हे नकार आवडायला शिकलं पाहिजे. रिफ्यूज्ड म्हणजे बहुधा यंत्र जिवंत आहे, पत्ता बरोबर आहे, फक्त त्या दारामागे कोणी बसलेलं नाही. 'टाइम्ड आउट' आलं तर वाट तरी चुकलीय किंवा फायरवॉल निरोप गिळतेय. 'परमिशन डिनाइड' म्हणजे तुम्ही दारापर्यंत पोचलात, किल्ली चुकली.

व्हर्च्युअलबॉक्सच्या नॅट पद्धतीत, म्हणजे पाहुणा यजमानाच्या आडून नेटवर्कवर जातो तेव्हा, मात्र ही खूण फसवते. तिथे पाहुण्याचा पत्ता साधारणपणे १०.०.२.१५ असतो आणि बाहेरून त्या पत्त्यावर जाताच येत नाही. म्हणून यजमानाचं २२२२ पोर्ट पाहुण्याच्या २२ ला जोडून देतात. पण २२२२ वर बसलेला असतो व्हर्च्युअलबॉक्स स्वतः. आत कोणी नसलं तरी तो दार उघडतो आणि लगेच लावतो. रिफ्यूज्ड न येता जोडणी लागून तुटल्याचा निरोप येतो, आणि माणूस पासवर्डच्या मागे लागतो. विंडोज पाहुणा असेल तर आणखी एक खोच: पासवर्डच नसलेल्या खात्याला विंडोज पडद्यासमोरून आत घेतं, नेटवर्कवरून सहसा घेत नाही.

माझा पाहुणा घरच्या राउटरकडूनच पत्ता घेत होता, त्यामुळे नकार खरा होता. एसएसएच आत बसवलेलं होतं, चालू नव्हतं. चालू करायला पडद्यावरूनच शिरणं भाग. मग जर्मन मांडणीचं चित्र फोनवर उघडलं. वायसाठी झेड दाबला. ॲटसाठी उजवा ऑल्ट आणि क्यू. आत गेलो. पुढे एसएसएच चालू करायची आज्ञा सिस्टिमसीटीएल, आणि तिच्यातही एक वाय.

त्यानंतर विंडोजवरून एसएसएचने गेलो तर सगळी अक्षरं बरोबर. कारण या वाटेने कळीचे नंबर जातच नाहीत. अक्षर माझ्याच संगणकावर ठरतं आणि मजकूर म्हणून, कुलूपबंद होऊन पलीकडे पोचतं. पाहुण्याची मांडणी कोणी विचारत नाही. मी तर मराठीही टाइप करून बघितली, आणि चालली.

भाच्याला कळवलं. तो म्हणाला, "मग आता मांडणी बदलून टाका, एक ओळीची आज्ञा आहे." मी बदललेली नाही. त्या पडद्यासमोर आता बसतंय कोण?