आर्यिकांचं स्थान आणि आपल्याच भागातला एक विसरलेला संघ

कोल्हापूर, हातकणंगले, शिरोळ या पट्ट्यात दिगंबर जैन समाज भरपूर, त्यामुळं मुनींना नमोस्तु आणि आर्यिका माताजींना, म्हणजे साध्वींना, वंदामि म्हणायचं हे इथल्या पोराटोरांनाही माहीत असतं. पण माताजी कितीही जुन्या दीक्षित असल्या तरी वंदन त्यांनीच मुनींना करायचं, मूलाचार ग्रंथात तर अंतरसुद्धा ठरवून दिलंय, आचार्यांपासून ५ हात, उपाध्यायांपासून ६, साधूंपासून ७. का म्हणून विचारलं की "परंपरा आहे" एवढंच. कुणाची परंपरा पण?

मूळ मुद्दा कपड्याचा. दिगंबर मतात वस्त्र म्हणजे परिग्रह (जवळ बाळगलेली वस्तू), तो सुटल्याशिवाय पूर्ण मुनिपद नाही आणि त्याशिवाय मोक्ष नाही. बाईनं नग्न राहायचं नाही, म्हणून पांढरी साडी, आणि साडी आहे म्हणून तिची महाव्रतं (दीक्षेतली मोठी व्रतं) फक्त नावापुरती, मोक्ष मिळणार तो पुढं कधीतरी पुरुषजन्म घेऊन. म्हणजे आधी कडी लावायची आणि मग आत आली नाहीस म्हणून बोल लावायचा. कुंदकुंदाचार्यांच्या सुत्तपाहुड या दिगंबर ग्रंथात तर बाईच्या शरीरातले सूक्ष्म जीव, पाळी, मनाची चंचलता अशीपण कारणं आहेत.

श्वेतांबरांना, म्हणजे जैनांच्या दुसऱ्या पंथाला, हे कधीच मान्य नव्हतं, त्यांच्यात १९वे तीर्थंकर मल्ली स्त्रीच आहेत. पण खरी इंटरेस्टिंग पार्टी म्हणजे यापनीय संघ, जैनांचाच एक तिसरा पंथ. बेळगाव, धारवाड, कोल्हापूर हाच यांचा एरिया, शिलालेखांत नावं सापडतात. साधू दिगंबरांसारखेच नग्न आणि तरी म्हणणं असं की बाईला याच जन्मात मोक्ष मिळतो! ९व्या शतकात राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळात शाकटायन या यापनीय आचार्यानं (मोठा व्याकरणकार माणूस) यावर 'स्त्रीनिर्वाणप्रकरण' लिहिलं. त्याचा सवाल सरळ होता, दर्शन, ज्ञान, चारित्र ही रत्नत्रयी बाईला जमत नाही याला शास्त्रात पुरावा कुठाय? समोरच्यांचं एक लॉजिक असं की बाई सातव्या नरकात जात नाही, एवढं घोर पाप तिच्यानं होत नाही, म्हणून तेवढं वरपण जाता येणार नाही. शाकटायन म्हणतो खाली जाण्याचा वर जाण्याशी संबंधच काय. मला तरी हे उत्तर आजही भारी वाटतं.

दिगंबरांकडून ११व्या शतकात प्रभाचंद्रांनी याचं जोरदार खंडन केलं. पुढं ११२५ मध्ये गुजरातेत पाटणला राजा सिद्धराजाच्या दरबारात कर्नाटकातले दिगंबर आचार्य कुमुदचंद्र आणि श्वेतांबर वादिदेवसूरी यांचा वाद झाला, त्यातही स्त्रीमुक्ती होतीच आणि श्वेतांबर परंपरेनुसार दिगंबर हरले. पण आपल्याकडं त्यानं काही बदललं नाही, उलट १४व्या शतकानंतर यापनीयांचंच नाव दिसेनासं झालं, त्यांचे ग्रंथ, देवळं दिगंबरांतच मिसळून गेली.

हा संघ पुन्हा अभ्यासकांसमोर आणण्यात मोठा वाटा राजाराम कॉलेजात शिकवणाऱ्या डॉ. आ. ने. उपाध्ये यांचा, गाव सदलगा, चिकोडीजवळ. त्याच भागातल्या भोजचे शांतिसागर महाराज, १९२४ साली समडोळीत आचार्य झाले आणि मुनिपरंपरेनं पुन्हा जोर धरला, तिच्याबरोबर आर्यिकाही वाढल्या. आचार्य विद्यासागरही सदलग्याचेच, त्यांनी मुनींबरोबर कितीतरी आर्यिकांना दीक्षा दिली. आज शिकलेल्या, डिग्रीवाल्या मुली दीक्षा घेतात, प्रवचनाला मांडव भरतो, पण मुनी समोर आले की वंदन अजून माताजींनीच करायचं.