जल व सांडपाणी प्रक्रिया केंद्रासाठी सौरवीज: अर्ज नेमका कुठे अडतो

जलशुद्धीकरण किंवा सांडपाणी प्रक्रिया केंद्राला सौरसंच जोडण्याची परवानगी मागणारे अर्ज परत येतात, ते बहुधा पात्रता नसल्यामुळे नव्हे, तर कागद एकमेकांशी जुळत नसल्यामुळे. पात्रतेच्या अटी सर्वसाधारणपणे साध्या असतात: चालू वीजजोडणी, थकबाकी नसणे, मंजूर भाराशी (जोडणीसाठी वीज कंपनीने मान्य केलेल्या भाराशी) सुसंगत सौरक्षमता आणि सांडपाणी केंद्र असल्यास प्रदूषण नियंत्रण यंत्रणेची वैध संमती. अर्जाचा नमुना, शुल्क, वीजबिले, पॅनेल व इन्व्हर्टरची (पॅनेलची वीज वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्राची) प्रमाणपत्रे यांत सहसा अडचण येत नाही.

खरी अडचण मालकीच्या कागदापासून सुरू होते. जमीन एका संस्थेची, वीजबिल दुसऱ्याच विभागाच्या नावावर आणि केंद्र चालवणारा तिसराच कंत्राटदार, अशी स्थिती असताना कंत्राटदाराने स्वतःच्या नावाने केलेला अर्ज टिकत नाही. बिलावर ज्याचे नाव आहे त्यानेच अर्ज करावा आणि जमीनमालकाचे लेखी संमतीपत्र जोडावे. सौरसंचाचे आयुष्य साधारण 25 वर्षे धरले जाते. म्हणून पाच वर्षांच्या कंत्राटापुरते दिलेले संमतीपत्र पुरेसे मानले जात नाही.

टाक्यांवर पॅनेल बसवायचे असतील, तर बांधकामाच्या स्थैर्याचा दाखला लागतो आणि त्यासाठी मूळ बांधकाम नकाशे मागितले जातात, जे जुन्या केंद्रांत बहुतेक कोणाकडेच नसतात. टाकीची भिंत पाण्याचा दाब सोसण्यासाठी बांधलेली असते. वाऱ्याने पॅनेल उचलले जाताना येणारा ताण तिच्या मूळ हिशेबात नसतो, त्यामुळे ही मागणी रास्तच आहे. मात्र नकाशा नाही म्हणून अर्ज नुसता परत पाठवणे अन्यायाचे आहे, कारण काँक्रीटची चाचणी आणि सळयांची तपासणी करून संरचना अभियंता नवा अहवाल देऊ शकतो. त्याला वेळ लागतो, म्हणून कृपा करून हे काम सर्वांत आधी हाती घ्या.

दुसरी चूक वीजवापराच्या तक्त्यात होते. महिन्याची एकूण युनिटे लिहून भागत नाही, तासागणिक भार दाखवावा लागतो. सक्रिय गाळ पद्धतीच्या, म्हणजे हवा देऊन वाढवलेल्या जिवाणूंकडून सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रात जवळपास निम्मी वीज हवा पुरवणाऱ्या ब्लोअरांवर खर्च होते आणि ते रात्रीही चालवावे लागतात. समतोल टाकीत (येणाऱ्या सांडपाण्याचा कमीजास्त प्रवाह सारखा करणाऱ्या टाकीत) पुरेशी जागा असेल, तर सांडपाणी साठवून त्याचा काही उपसा दुपारी करता येतो. तसे नियोजन तक्त्यात दिसले, तर मागितलेल्या क्षमतेचे समर्थन करणे सोपे जाते.

वीज गेल्यावर सौरसंच केंद्र चालवील, असे अर्जात कधीही लिहू नये. वाहिनीवर काम करणाऱ्यांच्या सुरक्षेसाठी साधा ग्रिड-जोड (वीजजाळ्याशी जोडलेला) इन्व्हर्टर पुरवठा खंडित होताच बंद होतो. ब्लोअरसाठी जनरेटर ठेवावाच लागतो आणि तो सौरसंचाशी कसा जोडला आहे, हे एकरेषीय विद्युत आराखड्यात (सर्व विद्युत जोडण्या एकेका रेषेने दाखवणाऱ्या नकाशात) स्पष्ट दाखवावे लागते. आराखड्यात जनरेटर वगळला, तर तपासणीच्या दिवशी काम थांबते.

मंजुरीपत्रावरील मुदतही नीट वाचावी. ती बहुधा पत्राच्या तारखेपासून मोजली जाते, पत्र हाती पडल्यापासून नव्हे, आणि तिच्या आत पॅनेल नुसती पोहोचून चालत नाहीत, संच तपासणीस तयार असावा लागतो. उशीर दिसू लागताच, मुदत संपण्यापूर्वी, वाढीचा अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.