मुख्यसेविका की पर्यवेक्षिका?

एका बीटात, म्हणजे देखरेखीच्या एका विभागात, साधारण २० ते २५ अंगणवाड्या, आणि त्या सगळ्या सांभाळणारी एक बाई. नागरी बालविकास प्रकल्पांच्या भरतीत तिचं पद ‘मुख्यसेविका’, जिल्हा परिषदेच्या जाहिरातीत ‘पर्यवेक्षिका’. काम तेच, पण तिने नेमकं काय करावं यावरचा गोंधळ या दोन शब्दांत मुरलेला आहे.

‘अंगणवाडी’ची कल्पना पालघरकडच्या बोर्डी-कोसबाडची: ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून तिथे शिक्षणच पाड्यावर, मुलांच्या अंगणात नेलं. ‘मुख्यसेविका’ हा शब्द मात्र १९५२ नंतरच्या सामूहिक विकास कार्यक्रमातला. ग्रामसेविकांना घेऊन गावातल्या बायकांपर्यंत पोहोचणारी, त्यांच्यातलीच थोरली, असा त्याचा अर्थ. १९७५ साली ३३ प्रकल्पांनिशी अंगणवाड्या चालवणारी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा तो तिच्यात आला. ‘पर्यवेक्षिका’ म्हटलं की नातंच बदलतं: भेट, रजिस्टर, शेरा, सही. माझ्या मते जिल्हा परिषदांनी ‘मुख्यसेविका’ हा शब्द सोडणं ही चूक होती. अंगणवाडी सेविकेला मानधन, पर्यवेक्षिकेला वेतन, ही दरी आधीच होती; नव्या शब्दाने ती रुंद केली.

म्हणूनच पर्यवेक्षिकांच्या जागा सेविकांमधून भराव्यात की थेट परीक्षेने, हा वाद महत्त्वाचा आहे. थेट आलेली पदवीधर मुलगी बालविकास शिकलेली असू शकते. पण मूल दोन महिने वजनात वाढत नसेल तर आईला काय विचारावं आणि आजीला काय, हे दहा-पंधरा वर्षं गृहभेटी केलेल्या सेविकेला कळतं. बढतीचा वाटा वाढायला हवा.

२००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरात १४ लाख अंगणवाड्यांचं उद्दिष्ट दिलं. केंद्रं वाढली, पर्यवेक्षिकांची पदं मात्र रिकामी राहत गेली आणि ‘अतिरिक्त कार्यभार’ नेहमीचाच झाला. २०१८ पासून नोंदींसाठी मोबाइल आला. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी निकृष्ट फोन सरकारला परत केले. त्यांचं म्हणणं वर पोहोचवायचं आणि वरून आलेला नोंदींचा तगादाही लावायचा, हे दोन्ही पर्यवेक्षिकेच्याच वाट्याला आलं. डिसेंबर २०२३ च्या सेविकांच्या संपातही तसंच.

त्याच वर्षी केंद्राने पोषणासोबत पूर्वप्राथमिक शिक्षणाच्या प्रशिक्षणावर भर दिला. आता बीट बैठकीत पर्यवेक्षिकेने जमिनीवर बसून मणी, ठोकळे, बडबडगीतं करून दाखवायची असतात. बैठक सुरू होते ती मात्र अजूनही कोणाची माहिती भरायची राहिली, या प्रश्नाने.