मामाचा हापूस आणि सत्तरातला एक

गिरगावातल्या आमच्या चाळीत मे महिन्यात भांडण होतं ते आंब्यावरून. मामा म्हणतो, ‘डोळे बांधा माझे. देवगड कुठला नि कर्नाटकचा कुठला, जिभेवर ठेवल्या ठेवल्या सांगतो.’ मामी म्हणते, ‘पेटीवरचं वाचून कोणीही सांगेल.’

यंदा परीक्षाच घेतली. चार फोडी देवगडच्या, चार कर्नाटकच्या, क्रम चिठ्ठ्या टाकून. आठ फोडी आठ वेगळ्या आंब्यांच्या, कारण एकाच आंब्याच्या चार घेतल्या तर एक ओळखली की चारही ओळखल्या. युक्ती आमची नाही. कपात आधी दूध पडलं की चहा, हे चवीवरून कळतं, असं म्युरिएल ब्रिस्टल ही शैवालांची अभ्यासक इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात म्हणाली होती. तेव्हा तिथेच काम करणारे संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी पुढे १९३५ साली आठ कपांचा असा प्रयोग पुस्तकात मांडला.

फिशर यांची खुबी म्हणजे सुरुवात उलटीकडून करायची. मामाला काही कळत नाही, नुसता ठोकतोय, असं धरून चालायचं. ही शून्य परिकल्पना. चार-चार आहेत हे मामाला ठाऊक, त्याने देवगडच्या चार वेगळ्या काढायच्या. आठांतून चार निवडायचे प्रकार ७०, बिनचूक त्यातला एकच. म्हणजे अंदाजपंचे पैकीच्या पैकी मिळण्याची शक्यता सुमारे १.४ टक्के. ही पी-व्हॅल्यू, म्हणजे नुसत्या अंदाजाने इतका किंवा याहून चांगला निकाल येण्याची शक्यता. ती ५ टक्क्यांच्या खाली असली की संशोधक सहसा शून्य परिकल्पना सोडून देतात. ही ५ ची रेघ काही निसर्गनियम नव्हे. फिशर यांनी १९२५ साली सोयीची म्हणून वापरली आणि ती चिकटली.

मात्र १.४ टक्के म्हणजे ‘मामा ठोकत असण्याची शक्यता १.४ टक्के’ नव्हे. इथे भलेभले घसरतात. चाळीतल्या सत्तर जणांनी डोळे बांधून नुसतं ठोकलं, तरी सरासरी एक जण पैकीच्या पैकी मिळवेल. त्याला काय जाणकार म्हणायचं?

मामाची एक जोडी उलटी पडली. एक देवगड तिकडे, एक कर्नाटक इकडे. ‘एवढंच ना?’ म्हणाला. पण अशी एक अदलाबदल १६ प्रकारे होते, त्यात बिनचूक एक धरला की ७० पैकी १७, म्हणजे २४ टक्के. इतकं तर चौघांतला एक नशिबावर करतो.

मामी खूश झाली, पण जिंकली नाही. मामाला कळत नाही, हे कुठे सिद्ध झालं? आठ फोडींत एका अदलाबदलीलाही माफी नव्हती, परीक्षाच कोती होती. सहा-सहा अशा बारा फोडी असत्या, तर प्रकार ९२४. फार तर एक अदलाबदल असलेले ३७, म्हणजे ४ टक्के. हीच चूक करून मामा पास!

हे ऐकल्यापासून तो बारा फोडी मागतोय. मामी विचारते, पेटीचे पैसे कोण देणार?