माचोखाचा राडारोडा गेला कुठे?

रस्त्याखालची नळी फुटून माती वाहून गेली की बातमीत लगेच 'सिंकहोल' झळकतं. तो नुसता मातीचा खड्डा. चुनखडीतलं अस्सल विवर म्हणजे चेक प्रजासत्ताकात, ब्रनो शहराच्या उत्तरेला असलेलं माचोखा (यातला 'च' चाकातला). खोली १३८ मीटर. तोंड १७४ मीटर लांब, ७६ मीटर रुंद.

नुसत्या पाण्यात चुनखडी फारशी विरघळत नाही. झिरपणारं पावसाचं पाणी मातीतला, मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड उचलतं आणि सौम्य कार्बोनिक आम्ल होतं. त्यात कॅल्शियम कार्बोनेटचं विद्राव्य बायकार्बोनेट बनतं. फटी रुंदावतात, गुहा होते, छत कोसळतं. बहुतेक वर्णनं इथंच थांबतात, आणि खरा प्रश्न राहूनच जातो: कोसळलेला दगड गेला कुठे?

फुटलेला दगड तर अखंड दगडापेक्षा जास्त जागा व्यापतो. वेड्यावाकड्या तुकड्यांमध्ये पोकळ्या राहतात. ही वाढ एकतृतीयांश धरू, भिंती सरळ उभ्या मानू. गुहा ३० मीटर उंच आहे आणि छताचा ९० मीटर जाडीचा दगड थराथरानं खाली आला, तर ढीग होतो १२० मीटरचा. म्हणजे मूळ पोकळीचे ३० आणि छताच्या रिकाम्या जागेचे ९०, सगळं भरलं! ढीग उरलेल्या छताला टेकतो, पडझड थांबते. छत १०० मीटर जाड असेल तर वर जमिनीला साधा खळगाही पडत नाही.

माचोखा उघडं आहे ते तळातून वाहणाऱ्या पुंक्वा नदीमुळे. ती ढीग विरघळवते, वाळूनं घासते, बारीक झालेलं पुढे नेते. ढीग खचला की वरच्या थराला पडायला जागा मिळते. नदीनं वाट बदलली की हे काम बंद.

'माचोखा' म्हणजे सावत्र आई. तिनं मुलाला दरीत ढकललं, तो झाडात अडकून वाचला, मग गावानं तिलाच ढकललं, अशी दंतकथा. सावत्र आयांवर खापर फोडायला लोकांना दरीही पुरते. १७२३ मध्ये लाझारूस शोपर हा भिक्षू तळाशी उतरला. पाताळाचं दार वगैरे तिथं काही नाही. कारेल आब्सोलोन या गुहा-संशोधकाच्या चमूनं १९१४ मध्ये गुहांमधून तळ गाठला, आणि १९३३ पासून पर्यटक नावेनं जातात. पुंक्वा फुगली की नावा बंद ठेवतात. दगडगोटे हलवण्याचं बरंचसं काम ती त्याच दिवसांत उरकते.